फ्रिजवरचा कागद

रेवा माझ्याकडे पाठ करून दाराच्या कडीशी खेळत होती आणि मी टेबलाखाली बसून म्हशीसारखी रेकत होते.

मी स्पीच थेरपिस्ट. म्हणजे ज्यांना बोलता येत नाही किंवा बोलणं अडतं, त्यांना बोलतं करायचा धंदा. रत्नागिरीत माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. शाळेच्या नाटकात मी दरवर्षी रावण व्हायचे, कारण माझा आवाज माईकशिवाय मागच्या रांगेपर्यंत पोचायचा. तोच आवाज पुढे पोटापाण्याला लावला. म्हैस, रिक्षा, प्रेशर कुकर, एसटीचा हॉर्न, सगळं काढते. बहुतेक मुलं म्हशीला फसतात. निदान वळून बघतात. रेवा वळली नाही.

तिचं वय वीस महिने. एकही शब्द नाही. कान आधीच तपासून घेतले होते, कान उत्तम. आईचं नाव स्नेहल. ती समोर खुर्चीत बसून माझ्याकडे नाही, माझ्या पेनाकडे बघत होती.

स्नेहल मला नवीन नव्हती. तिचा मोठा मुलगा ओजस तीन वर्षांचा असताना माझ्याकडे आला. त्याला ऑटिझम आहे. आता तो साडेपाच वर्षांचा आहे, दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो आणि मला माझ्या पंख्याचे वेग सांगतो. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला आत एका गावात त्यांची आंब्याची बाग आहे. तिथून दर आठवड्याला येणं जमेना, म्हणून वर्षभर आमचं काम फोनवरच चालू होतं. स्नेहल त्याचे व्हिडिओ पाठवायची, मी बघून पुढचं सांगायचे.

आता रेवा. ऑटिझम असलेल्या मुलाच्या पाठच्या भावंडाकडे आम्ही पहिल्यापासून लक्ष ठेवतो. त्या भावंडात तो असण्याची किंवा बोलणं उशिरा येण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते. जास्त असते म्हणजे ठरलेली असते असं नव्हे, पण हे वाक्य आईच्या कानापर्यंत कधीच अख्खं पोचत नाही.

मी नावानं हाक मारली. साधी, मग गाण्यातली, मग रावणाची. रेवा वळली नाही. पेन टेकवलं. फुगा उडवला. वीस महिन्यांचं मूल एव्हाना "तो बघ" असं तोंडानं नाही तरी बोटानं सांगतं. रेवानं फुगा बघितला, बोट केलं नाही. पेन टेकवलं. बिस्किटाचा डबा उंच ठेवला. तिनं माझं मनगट धरलं आणि माझा हात अवजारासारखा डब्याकडे नेला. ओजस अगदी असंच करायचा.

"मॅडम," स्नेहल म्हणाली, "आत्ता तुम्ही पेन जोरात टेकवलंत."

एकदा या रस्त्यानं गेलेल्या आईसमोर आपण नाटक करू शकत नाही.

"अजून काही ठरलेलं नाही," मी म्हटलं. "निदान करणं माझं काम नाही. ते डॉक्टर करतील. ते पुढच्या शनिवारी येतायत. मी फक्त माझं निरीक्षण लिहून देते."

"तेच लिहून द्या. कल्याणला माझ्या भावाच्या घराजवळ सेंटर आहे, त्यांना रिपोर्ट लागतो. जूनपासून दोघांना घेऊन मी तिकडे राहायला जाते."

"आणि महेश?" मी तिच्या नवऱ्याचं विचारलं.

"ते बाग सोडून कुठे येणार? ते इथे, आम्ही तिथे." तिनं हे किराण्याची यादी वाचावी तसं सांगितलं. "ओजसच्या वेळी मी वर्षभर वाट बघितली होती. आता नाही बघणार."

माझ्या डोळ्यांसमोर ओजस आला. तो रोज सकाळी शाळेआधी बागेतल्या छत्तीस कलमांना ठरलेल्या क्रमानं हात लावून येतो. पावसात छत्री घेऊन. ती छत्तीस कलमं म्हणजे त्याच्या दिवसाचा पाया आहे. कल्याणला मामाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात तो हात कशाला लावणार होता? पण बहिणीला गरज असेल तर जावं लागणारच. त्यामुळे माझा कागद बरोबर असणं फार महत्त्वाचं होतं.

जाताना रेवानं एक गोष्ट केली. माझ्या भिंतीवर चित्रांची कार्डं लावलेली असतात. न बोलणारी मुलं हवं ते कार्ड काढून हातात देतात आणि मागणं मांडतात. रेवानं त्यातलं घराचं कार्ड ओढून काढलं आणि माझ्यापुढे धरलं. यात नवल नाही, भावाचं बघून शिकली असेल. पण ओजस कार्ड हातात कोंबून दाराकडे बघायचा. ही माझ्या तोंडाकडे बघत होती. काय म्हणते बाई, घरी जाऊ का नको, अशी.

"रिपोर्ट सोमवारी देते," मी म्हटलं. "उद्या मीच तुमच्याकडे येते."

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी महेश उभा होता. ओठांवर बोट.

"मॅडम, बांगड्या," तो कुजबुजला.

"काय बांगड्या?"

"काढून ठेवता का? आवाज होतो."

"दरोडा घालायचा आहे की थेरपी करायची आहे?" मी विचारलं. पण मीही कुजबुजूनच विचारलं, हे लक्षात घ्या. त्या फाटकात काहीतरी होतं. डझनभर काचेच्या बांगड्या मी पर्समध्ये टाकल्या आणि चप्पल हातात घेऊन पायऱ्या चढले.

दाराची बेल दाबली. बेल वाजली नाही, आत एक दिवा लागला. स्नेहलनं दार उघडलं, तेही तेल घातलेलं. आत खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातलेले. टीव्हीवर कापड. मांजर होतं, त्याच्या गळ्यातली घंटी काढून नुसता पट्टा ठेवलेला. पलीकडच्या खोलीत ओजस जमिनीवर बसून आंब्याच्या पेट्यांवर लावायची लेबलं एकाखाली एक मांडत होता. मला बघून त्यानं एक लेबल सरळ केलं. हा त्याचा नमस्कार.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कार्ड वर आलं. कार्डावर बांगडा माशाचं चित्र. मागोमाग मासेवालीचं डोकं आलं. महेशच्या आईनं, म्हणजे घरातल्या आजींनी, पाच बोटं वर केली. मासेवालीनं मान हलवून पाच बांगडे आत दिले, पैसे घेतले आणि कार्ड कमरेला खोचून निघून गेली. कोकणातल्या मासेवालीला आरडाओरडा न करता मासे विकताना मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हिंमत झाली नाही.

आजी बांगडे साफ करायला मागच्या ओटीवर बसल्या. रेवा शेजारी. मांजर वासावर आलं, दबकत पुढे सरकलं.

रेवा उठली. आत गेली. फ्रिजवर चुंबकानं लावलेल्या कार्डांतून एक लाल कार्ड घेऊन परत आली. त्यावर पंजा काढलेला होता. "थांब"चं कार्ड. ते तिनं मांजराच्या नाकापुढे धरलं.

मांजराला अर्थातच थेरपी मिळालेली नव्हती. ते पुढे आलं. रेवानं कार्ड आणखी पुढे केलं आणि कपाळाला आठी घातली. मग तिनं वळून आजींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत मांजराकडे, आणि पुन्हा आमच्याकडे. बघा, ऐकतच नाही, असा चेहरा. आणि हसली.

मी मटकन ओटीच्या पायरीवर बसले.

का, ते सांगते. एका वस्तूकडे बघायचं, मग दुसऱ्या माणसाकडे बघून खात्री करायची की तोही तेच बघतोय, आणि ती गंमत त्याच्याशी वाटून घ्यायची. याला आम्ही जॉइंट अटेन्शन म्हणतो. बोलण्याच्या आधी हे यावं लागतं. दोघांचं लक्ष एका गोष्टीवर जमलं की मगच त्या गोष्टीला नाव देण्यात मजा असते. क्लिनिकमध्ये माझ्या फुग्याला यातलं काही मिळालं नव्हतं. मांजराला सगळं मिळालं.

मी पुढे सरकून रिकामा पेला उचलला आणि खोटंखोटं पाणी प्यायले, घशाचा आवाज न करता. रेवानं पेला ओढून घेतला, स्वतः प्यायली, आणि मग मांजराला पाजला. पेल्यात काहीही नव्हतं. खोटा खेळ खेळायला डोक्यात बरंच काही घडावं लागतं. मी कुजबुजले, "दादाची चप्पल?" बोट नाही, खूण नाही. दारात पाच जोड होते. तिनं ओजसचीच चप्पल आणली, आणि एकच आणली, कारण मी एकच मागितली होती.

पोरीच्या डोक्यात भाषा होती. फक्त ती तोंडातून बाहेर येत नव्हती, फ्रिजवरून येत होती.

मी फ्रिजपाशी गेले. कार्डांच्या मधोमध एक कागद होता, लॅमिनेट केलेला. अक्षर ओळखीचं वाटलं. फार ओळखीचं. खाली सही होती आणि सहीशेजारी हसरा तारा. असा तारा अख्ख्या जिल्ह्यात एकच बाई काढते.

"लांबून हाका मारू नका. जवळ जा, खांद्याला हात लावा, मग बोला."

"एका वेळी एकच शब्द बोला."

"एका वेळी एकच माणूस बोलेल."

"हवं ते मागताना कार्ड द्यायला लावा."

"मोठे आवाज टाळा."

अडीच वर्षांपूर्वी हे मी लिहून दिलं होतं. तेव्हा ओजस कुकरच्या शिट्टीनं भिंतीवर डोकं आपटायचा. त्याला ते हवं होतं, आणि त्याचा फायदाही झाला. तेव्हा रेवा जन्मलीच नव्हती.

"मॅडम," स्नेहल माझ्यामागे येऊन हळूच म्हणाली, "यातला एकही नियम आम्ही मोडलेला नाही. पाहुणे आले तरी नाही."

"रेवाशीही असंच?"

"घर एकच आहे ना. आणि सुरुवातीपासून नीट केलं तर तिला होणार नाही, असं मला वाटलं."

काल मी नावानं हाक मारली, ती वळली नाही. तिला या घरात नावानं कधी हाक मारलीच नव्हती, खांद्याला हात लागायचा. फुग्याकडे बोट केलं नाही. बोट कशाला करेल, कार्डं आहेत की. माझं मनगट धरून नेलं. दादा तसंच करतो, आणि धाकट्या बहिणींना दादाचं सगळं बरोबर वाटतं. वर माझा मूर्खपणा असा, की वर्षभर मी या घराचे व्हिडिओ बघून स्नेहलला लिहीत होते, "वा, किती शांत घर."

मी काही म्हणणार, एवढ्यात आजींच्या हातून परात पडली.

स्टीलची मोठी परात, शहाबादी फरशी. ती पडली, मग गोल गोल फिरत बसली, जसं काही आम्हाला तिचा नाच बघायलाच बोलावलं होतं. आजींनी डोळे मिटून घेतले. स्नेहलचा चेहरा पांढरा पडला. महेश दारातून धावत आला आणि मध्येच थबकला.

सगळ्यांच्या आधी रेवा निघाली होती. ती दुडदुडत पलीकडच्या खोलीत गेली, ओजसच्या मागे उभी राहिली आणि तिनं आपले दोन्ही हात त्याच्या कानांवर ठेवले.

परात शांत झाली. ओजसनं कानांवरून ते हात काढले, एक एक करून. लेबलांच्या रांगेकडे बघत म्हणाला, "परात पडली."

मग थोड्या वेळानं, "आजीची परात पडली."

आणि परत लेबलं मांडायला लागला.

मग आजी म्हणाल्या, चांगल्या मोठ्या आवाजात, "अडीच वर्षं मी चमचा वाजू नये म्हणून बोटानं धरून ठेवतेय, आणि त्याला काय नाय."

"आई, हळू," स्नेहल म्हणाली.

"आता कशाला हळू? बघितलंस ना? बाय, मी दिवसातून दोन वेळा मांगरात जाते ती काय आंबे बघायला? बोलायला जाते. नायतर माझी जीभ सुकून गेली असती."

मांगर म्हणजे त्यांच्या बागेतली शेड. हंगामात तिथे सात-आठ बायका पेंढ्यात आंबे बसवून पेट्या भरतात.

"आजी, तिथे बायका बोलतात?" मी विचारलं.

"बोलतात? गप बसवून दाखवा त्यांना."

"रेवाला नेता कधी?"

"छे. हिनं सांगितलंय ना, गोंगाटात न्यायचं नाय म्हणून." त्यांनी सुनेकडे बोट केलं. स्नेहलनं फ्रिजकडे बघितलं. फ्रिजवर मी होते.

स्नेहल खाली बसली. "म्हणजे मॅडम, मीच केलं हे."

"सही कोणाची आहे खाली?"

तिनं मान खाली घातली.

"वाच ना. सही कोणाची आहे? मी ओजससाठी लिहिलं आणि कोणासाठी, किती दिवस, हे लिहायचं विसरले. तू जे सांगितलं ते केलंस, आणि माझ्या कुठल्याही पेशंटपेक्षा चांगलं केलंस. आता नीट ऐक. ओजसला ऑटिझम घरातल्या कोणाच्या वागण्यामुळे झालेला नाही. रेवाला तो नाहीच, हे मी आज सांगणार नाही, ते डॉक्टर बघतील आणि आपण तीन वर्षांची होईपर्यंत बघत राहू. तिच्या न बोलण्याला फक्त शांतताच कारणीभूत आहे, असंही छातीठोकपणे सांगत नाही. काही मुलं उशिराच बोलतात. पण दादाचे कान झाकायला धावणारी मुलगी माणसांपासून लांब नाही. तिला बोलणं ऐकवून बघू. भरपूर."

"आणि कल्याण?"

"तीन महिने दे मला. तोवर ओजसला त्याच्या कलमांपासून हलवू नकोस. तीन महिन्यांत काही हाललं नाही, तर तुझ्या बॅगा मी भरायला येते."

महेश दाराला टेकून उभा होता. त्यानं डोळे पुसले आणि आंब्याचा चीक गेला म्हणाला. मी मान्य केलं.

नवा कागद मी तिथेच लिहिला. रोज सकाळी दोन तास रेवा आजींबरोबर मांगरात. घरात तिला नावानं हाक. तिच्याशी अख्खी वाक्यं. कार्डं राहू देत, ती काही बोलण्याच्या आड येत नाहीत, पण तिनं कार्ड दिलं की आपण त्याचं वाक्य करून बोलायचं. ओजससाठी वेगळा कागद, कारण परातीनं दाखवून दिलं होतं की त्याचा जुना होऊन गेला. आवाज एकदम नाही, थोडे थोडे वाढवायचे, आधी सांगून. आणि नको असला की त्यानं "बस" म्हणायचं, ते आपण ऐकायचं.

शनिवारी डॉक्टरांनी रेवाला तासभर तपासलं. त्यांचंही मत पडलं की आत्ता शिक्का मारायला नको, तीन महिन्यांनी परत आणा. "तुमचा रिपोर्ट वाचला," ते मला म्हणाले. "निरीक्षणात मांजर आहे."

"मुख्य साक्षीदार आहे," मी म्हटलं.

पुढचा भाग आजी मला फोनवर सांगायच्या, आणि आता मोठ्यानं सांगायच्या. पहिला आठवडा रेवा पेंढ्यात बसून नुसती बायकांच्या तोंडांकडे बघत राहिली, या तोंडाकडून त्या तोंडाकडे, मान दुखेपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात कोणी "रेवा गो" म्हटलं की वळायला लागली. मग बोट आलं. मग एका सकाळी एक बाई डागी आंबा बाजूला टाकताना नेहमीप्रमाणे "गेला" म्हणाली, तर पेंढ्यातून दुसरा आवाज आला, "गेला." बायकांनी पेट्या तशाच टाकल्या. त्या दिवशी आंबे अर्ध्या तासानं उशिरा निघाले आणि महेशनं ड्रायव्हरला कारण सांगितलं नाही.

त्यानंतर काही दिवस घरातली प्रत्येक गोष्ट गेला होती. मांजर गेला, चप्पल गेला, मासेवाली गेला. हंगाम संपला, बायका आपापल्या घरी गेल्या, पण आजींचं अडीच वर्षांचं बोलायचं राहिलेलं होतं, त्यामुळे साठा भरपूर होता. मासेवालीनं कार्ड परत दिलं. ती आता फाटकापासूनच ओरडत येते, आणि ओजस खिडकीत उभा राहून तिला "बस" म्हणतो. ती हसते आणि बस करते.

ऑगस्टमध्ये सगळे क्लिनिकला आले. कल्याणचं नाव कोणी काढलं नाही. ओजसनं आधी पंखा तपासला. डॉक्टरांनी रेवाला बघितलं. बोलणं अजून वयाच्या मागे आहे, पण वेगानं मागचं भरून काढते आहे, बाकी काळजीसारखं दिसत नाही, तरी सहा महिन्यांनी दाखवा, असं लिहिलं. स्नेहलनं तो कागद दोनदा वाचला, घडी केली आणि पर्समध्ये ठेवला. लॅमिनेट करणार नाही ना, असं मी विचारलं. ती हसली.

मग मी माझा खास कार्यक्रम लावला. तिच्यासाठी राखून ठेवलेला होता. टेबलाखाली गेले आणि आयुष्यातली सर्वोत्तम म्हैस काढली. शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर डोकावून गेला.

रेवा आली, वाकून टेबलाखाली बघितलं, माझ्या खांद्याला हलकेच हात लावला, आणि भावाकडे बोट दाखवून म्हणाली, "मावशी, हळू. दादा आहे."

चार शब्द. मी मोजले, तो माझा धंदाच आहे.

तेव्हापासून मी कुठल्याही घराला सूचना लिहून देते तेव्हा वर दोन रकाने असतात. कोणासाठी, आणि कधीपर्यंत. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरसुद्धा ते छापलेलं असतं. मला ते सुचायला पंचवीस वर्षं आणि एक परात लागली.